बावीस फुटी गॅरेजचा निवाडा

डुलूथ, ८ नोव्हेंबर २०१४

या पत्रांवरून मला एकच गोष्ट सिद्ध करावयाची आहे: माझा धाकटा भाऊ ऑरिन स्कॉगस्टाड याच्या गॅरेजमध्ये जागेची टंचाई कधीच नव्हती, टंचाई होती ती विचाराची. गॅरेज बावीस फूट लांब आणि बावीस फूट रुंद आहे. त्यात एक मोटार, हिरवळीचा एक ट्रॅक्टर आणि त्या ट्रॅक्टरला जोडावयाची सात अवजारे मावतात. हे मी सप्टेंबरात म्हटले आणि नोव्हेंबरात ते खरे ठरले.

बेचाळीस वर्षे मी शाळेत तर्कशास्त्र आणि वादविवाद शिकवले. आमच्या इमारतीतील मंगळवारच्या वाचनमंडळाने एखाद्या खऱ्या वादाचा नमुना मागितला, म्हणून ही पत्रे तारखांच्या क्रमाने लावत आहे. माझ्या पत्रांच्या प्रती मी ठेवते. फोनवर मला नीट ऐकू येत नाही, आणि ऐकू आले तरी फोनवरचे बोलणे पुढे कोणाला दाखवता येत नाही. ऑरिनच्या टंकलेखनातील चुका मी दुरुस्त केल्या आहेत. त्या वाचकावर लादण्याइतकी मी निर्दय नाही.

—

डुलूथ, ९ सप्टेंबर

प्रिय ऑरिन,

व्हर्नाच्या पत्रावरून कळले की तुमची मोटार अजूनही अंगणात उघड्यावर उभी असते. म्हणजे गेल्या जानेवारीत जेथे तुझी बायको बर्फावरून घसरली आणि ज्या पडण्यामुळे तिला नवा खुबा बसवून घ्यावा लागला, तेथेच ती येत्या जानेवारीत पुन्हा उतरणार. डॉक्टर काय म्हणाले ते तूच मला कळवले होतेस: तो खुबा पुन्हा दुखावला तर चाकांची खुर्ची.

तुमच्या गॅरेजमधून थेट स्वयंपाकघरात दार उघडते. मोटार आत उभी राहिली, तर व्हर्नाचा पाय बर्फाला लागण्याचे कारणच उरत नाही. इतके सरळ असताना मोटार बाहेर का? तर आत अवजारे आहेत. अवजारांना छप्पर आणि बायकोला आभाळ, अशी वाटणी करणारा नवरा आपल्या घराण्यात तू पहिलाच.

गॅरेजचा नकाशा चौकटीच्या कागदावर काढून पाठव. प्रत्येक वस्तूची लांबी-रुंदी लिही. 'साधारण' हा शब्द वापरू नकोस.

विनिफ्रेड

—

हॉलम, १५ सप्टेंबर

विनी,

टाइप करतोय. हाताने लिहिलं की तू लाल शाईने खुणा करून पत्र परत पाठवतेस, त्यापेक्षा हे बरं. एका बोटाने मारतोय, तेव्हा थोडक्यात.

नकाशा व्हर्नाने काढलाय. मधोमध ट्रॅक्टर, त्याच्या पोटाखाली गवत कापायचा डेक. दारापाशी ब्लोअर, बर्फ उडवायचा. मग बर्फ ढकलायचं पातं, पाला गोळा करायचा पिंजरा, जमिनीला भोकं पाडायचा खिळ्यांचा रूळ, पाण्याने भरायचा रूळ आणि दोन चाकी गाडा. सात झाली. आठवं काही नाही, शप्पथ.

तुझं बरं आहे, मास्तरीणबाई. तुझं गॅरेज म्हणजे खालच्या मजल्यावरची टपालपेटी. आमच्याकडे वर्षाचे दोन भाग, गवताचा आणि बर्फाचा, आणि एकाचं अवजार दुसऱ्याला चालत नाही. ऑक्टोबर संपताना डेक उतरवायचा, ब्लोअर चढवायचा. तेव्हाच जागेचंही बघू.

समोरचा हार्लन ब्राटेन काल आला होता. दारात उभा राहून म्हणतो, "भरलंय की रे सगळं."
"भरलेलं बरं, वारा शिरत नाही."
"दोन हात जास्तीचे आहेत माझ्याकडे."
"तुझे तुलाच पुरत नाहीत."
"बरं मग," म्हणाला, अर्धा कप कॉफी प्यायला आणि गेला.

व्हर्ना ठीक आहे. काठी घेऊन चर्चपर्यंत जाते.

ऑरिन

—

डुलूथ, २२ सप्टेंबर

प्रिय ऑरिन,

नकाशा मिळाला. व्हर्नाने काढला म्हणूनच तो वाचता आला.

त्यावरून एक गोष्ट निर्विवाद दिसते. अवजारे ट्रॅक्टरभोवती अर्धवर्तुळात पडली आहेत आणि प्रत्येक अवजार ज्या जागी ट्रॅक्टरपासून सुटले त्याच जागी आहे. तू खीळ काढतोस, ट्रॅक्टर पुढे नेतोस, आणि मागे जे उरते त्याला 'ठेवणे' म्हणतोस. गायही याच पद्धतीने ठेवते.

तेव्हा विधान पहिले: जी वस्तू चाकांवर ओढता येते ती तू हलवतोस. विधान दुसरे: जी उचलावी लागते ती तू हलवत नाहीस. निष्कर्ष: तुला कष्ट नको आहेत. यातून दुसरा अर्थ काढता येत असेल तर कळव. मला सापडला नाही.

आता उपाय. हिवाळ्यात ब्लोअर ट्रॅक्टरवर चढेल, तेव्हा डेक जमिनीवर येईल, उन्हाळ्यात उलट. म्हणजे बारा महिने एक अजस्र अवजार जमिनीवर असणारच. चोपन्न इंच रुंदीचा डेक आडवा पसरला की मोटारीची अर्धी जागा खातो. तोच उत्तरेच्या भिंतीला कडेवर उभा केला आणि साखळीने बांधला, तर केवळ सोळा इंच घेतो. पिंजऱ्याची घडी होते. तो तुळईला टांगावा. गाडा उभा करावा, आणि त्याच्या पोटात दोन्ही रूळ. पाते दारामागे. मोटारीला सव्वानऊ फूट रुंदीची मोकळी पट्टी मिळते. आकृती जोडली आहे.

डेकचे वजन एकशे तीस पौंड आहे. सहा फुटी तरफ वापरल्यास मध्यम ताकदीच्या एका पुरुषाला तो उभा करता यावा. गणित आकृतीच्या पाठीमागे आहे.

विनिफ्रेड

—

हॉलम, ४ ऑक्टोबर

विनी,

तुझी गाय मी व्हर्नाला वाचून दाखवली. ती इतकी हसली की टेबलाला धरून उभी राहिली. आता रोज गॅरेजचं दार उघडलं की म्हणते, "जपून हं, गाय येऊन गेलीय."

तरफेचं गणित पाहिलं. सुंदर आहे. फक्त तुझ्या आकृतीतला माणूस काड्यांचा आहे. त्याला खांदेच काढले नाहीस, म्हणून त्याला जमतं.

मी म्हणतो, डेक या वर्षी बाहेरच राहू दे. विटांवर, ताडपत्रीखाली. पाच महिन्यांचा तर प्रश्न. मोटार आत येईल, तुझाही जीव शांत होईल.

हार्लन पुन्हा भेटला, रस्त्याकडेच्या टपालपेट्यांपाशी. त्याची सगळी अवजारं चाकांच्या पाट्यांवर असतात, बोटाने ढकलली की सरकतात. शिवाय इंजिन उचलायची कप्पी. "कप्पी नुसती लटकतेय, ऑरिन," म्हणतो.
"लटकू दे. घरात कुणाला तरी निवांतपणा हवा."
"अवघड नाही रे, अर्ध्या तासाचं काम."
"मग मी पाऊण तासात करीन."
"बरं मग," म्हणाला. मग आम्ही मक्याच्या ओलीवर बोलत उभे राहिलो. दोनदा झालं आता.

ऑरिन

—

डुलूथ, ९ ऑक्टोबर

प्रिय ऑरिन,

ताडपत्री हा उपाय नव्हे, ताडपत्री हा पराभव आहे. वाऱ्याने फडफडणारी, बर्फाने वाकलेली, कोपऱ्यांना विटा ठेवलेली ती निळी ताडपत्री तुमच्या भागात ज्या ज्या अंगणात दिसते, त्या त्या घरात एक माणूस आपल्या पसाऱ्याला शरण गेलेला असतो. शिवाय डेक गंजेल, वसंतात त्याची पाती फिरणार नाहीत, आणि मग तू मला लिहिशील की नवा डेक घ्यावा लागतोय आणि तो ठेवायला जागा नाही.

माझे गणित चुकले असेल तर ते कोठे चुकले ते दाखव. काड्यांच्या माणसाची चेष्टा हे खंडन नव्हे. बावन्न साली शाळेत तुला सभेपुढे उभे केले होते, तेव्हाही तू असाच विनोद करून खाली बसला होतास आणि लोक हसले होते, म्हणून आपण जिंकलो असे तुला वाटले होते.

पहिले बर्फ पडण्यापूर्वी मोटार आत हवी. व्हर्नाच्या खुब्याला तुझ्या विनोदाने आधार मिळत नाही.

विनिफ्रेड

—

हॉलम, १४ ऑक्टोबर

मिस स्कॉगस्टाड यांस,

माझं अक्षर अजून तसंच आहे, माफ करा. अठ्ठ्याहत्तर साली तुमच्या वर्गात मागच्या बाकावर होतो.

ऑरिनला गॅरेजच्या कामात हात लावायला मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा नको म्हणाला. आमच्याकडचं तुम्हाला माहीतच आहे. पुढच्या शनिवारी, पंचवीसला, डेक उतरवायचा दिवस धरून कप्पी घेऊन जावं म्हणतो. पण मध्यंतरी तो म्हणाला की तुम्ही काही आकृती पाठवलीय, त्याप्रमाणे करणार आहे. माझ्या जाण्यानं तुमच्या आकृतीत गोंधळ व्हायला नको, म्हणून आधी विचारतोय.

तुमचा
हार्लन ब्राटेन

—

डुलूथ, १८ ऑक्टोबर

प्रिय हार्लन,

तुझे पत्र सुवाच्य होते. मागच्या बाकाच्या मानाने पुष्कळच.

आपल्या लोकांत कॉफीसुद्धा तिसऱ्या विचारण्याला घेतात. पहिला नकार शिष्टाचाराचा, दुसरा नम्रतेचा आणि तिसऱ्यांदा 'बरं, अर्धा कप'. मी याच चालीत वाढले, आणि मला ती नेहमीच अप्रामाणिक वाटली आहे. ज्याला हवे असते त्याने हवे म्हणावे. ऑरिन चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. दोनदा विचारले असता तो दोनदा 'नको' म्हणाला. त्याच्या शब्दाला शब्दाचा मान द्यायला आपण केव्हातरी सुरुवात केली पाहिजे.

तू जाऊ नकोस. काम एका माणसाचे आहे आणि ते कसे करायचे हे मी त्याला लिहून दिले आहे. त्याने ते स्वतः केले तर पुढच्या वर्षीही करील. तू केलेस तर तो पुढच्या वर्षीही तुझी वाट पाहत बसेल.

विनिफ्रेड स्कॉगस्टाड

—

हॉलम, २ नोव्हेंबर

विनी,

झालं. डेक उत्तरेच्या भिंतीला उभा आहे, साखळी दोन ठिकाणी. पिंजरा तुळईला. गाडा उभा, पोटात रूळ. ब्लोअर ट्रॅक्टरवर, तो काय, ट्रॅक्टर नेऊन भिडवला की अडकतो. मोटार आत. दोन्ही बाजूंची दारं उघडतात. तू म्हणालीस तसंच. सव्वानऊ फूट.

आता या विषयावर पुरे.

ऑरिन

—

डुलूथ, ५ नोव्हेंबर

प्रिय ऑरिन,

पुरे, आणि उत्तम. आठ आठवड्यांचा विलंब आणि दोन पत्रांतील थट्टा वजा जाता तू जे केलेस ते अगदी बरोबर केलेस. माझा मुद्दा मान्य करताना तू नेहमीपेक्षा कमी बोललास. तो गुण वाढव.

व्हर्नाला सांग की या हिवाळ्यात ती कोरड्या जमिनीवर उतरेल.

विनिफ्रेड

—

(वरील टिपण आणि पत्रे वाचनमंडळासाठी बांधून तयार झाल्यानंतर पुढील पत्र आले. क्रमाचा नियम मीच घातला असल्यामुळे ते येथे लावणे भाग आहे.)

हॉलम, १६ नोव्हेंबर

विनिफ्रेड,

तुमचं पाच तारखेचं पत्र मला इस्पितळात वाचून दाखवलं. ऑरिन वाचत होता. 'कोरड्या जमिनीवर उतरेल' इथे तो थांबला आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला. तो तुम्हाला काही लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते आहे.

एप्रिलमध्ये तो ट्रॅक्टरवरून उतरताना पडला आणि उजव्या खांद्याचा स्नायू तुटला. हात छातीच्या वर जात नाही. कॉफीचं भांडं तो डाव्या हाताने उचलतो. डॉक्टर म्हणाले, या वयात शिवून उपयोग नाही. तुम्हाला कळवायचं नाही असं त्याने मला बजावलं होतं, कारण, त्याचेच शब्द, "ती मला खांद्यावर निबंध पाठवील." म्हणून तो एका बोटाने टाइप करत होता, म्हणून नकाशा मी काढला, आणि म्हणून सगळी अवजारं जिथे सुटली तिथे पडली होती. तुम्ही दुसरा अर्थ मागितला होता. तो एवढाच होता.

हार्लन पंचवीस तारखेला येणार असं आम्ही धरून चाललो होतो. कुणी ठरवलं नव्हतं. दोनदा झालं होतं, आता तिसऱ्यांदा येणारच. ऑरिनने सकाळी टेबलावर तीन कप काढले. मी भोपळ्याची पोळी भाजली. दुपारी बारापर्यंत तो दर गाडीच्या आवाजाला उठून पडदा बाजूला करत होता. मी म्हटलं, "अरे, रस्ता ओलांडून जा आणि सांग त्याला." तर म्हणतो, "मी जाऊन सांगायचं? मग विचारण्याला काय अर्थ राहिला?" पुढच्या शनिवारीही तीन कप निघाले. त्या दिवशी रेडिओवर सांगितलं की आठवड्याभरात बर्फ येतंय.

मी म्हटलं, ताडपत्री टाकू. त्याने तुमचं पत्र माझ्यापुढे धरलं. "पराभव म्हणते ती." मी म्हटलं, "पराभव तर पराभव, लोखंड गंजेल, माणसं तर गंजणार नाहीत." तो उठला आणि तरफ घेऊन गॅरेजमध्ये गेला. डाव्या हाताने डेक अर्धा उभा झाला, पुढे जाईना, खालीही येईना. त्याने मला हाक मारली नाही. त्याचा श्वास मला स्वयंपाकघरात ऐकू येत होता.

म्हणून मी दुसरं टोक धरलं. डेक भिंतीला लागला, साखळी लागली. तुमचं गणित बरोबर आहे, विनिफ्रेड. सोळा इंचच घेतो. शेवटच्या झटक्याला माझा पाय वळला आणि खुबा सांध्यातून निघाला. त्या दुपारी त्याने मला त्याच मोटारीत घातलं आणि इस्पितळात आणलं. परत गेल्यावर मोटार त्याने आत लावली आणि तुम्हाला पत्र लिहिलं. ते पत्र त्याने खोटं लिहिलं नाही. फक्त मी त्यात नव्हते.

दुसरी शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर आता 'जर' वापरत नाहीत. मी खुर्चीत आहे आणि खुर्चीतच राहीन. दहा तारखेला चौदा इंच बर्फ पडलं. ऑरिनने अंगण साफ केलं, मोटार कोरडी आहे, दोन्ही दारं पूर्ण उघडतात. खुर्ची मात्र त्या सव्वानऊ फुटांत वळत नाही.

हार्लन परवा आला. दारातच त्याने टोपी काढली आणि तुम्ही त्याला लिहिलेलं पत्र टेबलावर ठेवलं. म्हणाला, "मी येणार होतो, व्हर्ना. पण त्यांनी शिकवलेलं आहे मला. त्या म्हणाल्या की मला पटतं." बिचारा पन्नाशीचा माणूस, डोळे पुसत होता. ऑरिनने पत्र वाचलं, नीट घडी घातली आणि त्याला परत दिलं. एवढंच म्हणाला, "विनीचं अक्षर बघ. ऐंशी पार करूनही एक ओळ वाकडी नाही."

मला वाटलं होतं तो रागावेल. तुम्ही दोघं एकाच मातीची आहात. त्याने खांदा दुखतो असं सांगितलं नाही, तुम्ही विचारलं नाही, आणि दोघांनाही त्याचा अभिमान आहे.

उत्तर पाठवू नका. पाठवलंत तरी त्यात आकृती नको.

व्हर्ना

—

डुलूथ, ७ डिसेंबर २०१४

वाचनमंडळापुढे मी ही पत्रे गेल्या मंगळवारी वाचली, शेवटच्या पत्रासह. मंडळातील मिसेस ऑस्टबी यांनी विचारले की यातून आता काय सिद्ध होते. प्रश्न रास्त आहे.

अवजारे बावीस फुटांत मावतात, हे सिद्ध होते. ते मी मागे घेत नाही. ऑरिनने खांद्याची गोष्ट लपवली हा त्याचा दोष आहे. तोही मी त्याच्याच नावावर ठेवते. ताडपत्रीविषयी माझे मत कायम आहे, जरी ते मांडण्याची वेळ आता मला सुचत नाही. एका बोटाचे टंकलेखन, दुसऱ्याच्या हातचा नकाशा, खांदे नसलेल्या माणसावरील ती थट्टा, हे सारे पुरावे माझ्यासमोर होते आणि मी ते चुकीचे वाचले. परंतु पुरावा चुकीचा वाचणे हे अज्ञान आहे. अज्ञानाची कबुली द्यायला मला संकोच वाटला असता, पण लाज वाटली नसती. मला जी कबुली द्यावयाची आहे ती निराळी आहे.

हार्लनला मी लिहिले की ऑरिनच्या नकाराला शब्दाचा मान द्यावा. तत्त्व म्हणून ते सुंदर आहे. वर्गात मी ते बेचाळीस वर्षे शिकवले आणि हार्लनने विश्वास ठेवला, कारण मी त्याला विश्वास ठेवायलाच शिकवले होते. पण मी स्वतः त्यावर विश्वास ठेवत नव्हते. आमच्या घरात तिसऱ्या विचारण्याला कोणी नाही म्हटलेले मी कधीही पाहिलेले नाही.

पंचवीस तारखेला हार्लन गेला असता तर ऑरिन 'बरं' म्हणाला असता, हे मला ते पत्र लिहिताना ठाऊक होते. ठाऊक होते म्हणूनच मी ते लिहिले. काम कप्पीने झाले असते, तर माझी आकृती बरोबर ठरली नसती. ती केवळ अनावश्यक ठरली असती.

ही माझी चूक. ती मी कोणतीही अट न घालता मान्य करते.

विनिफ्रेड स्कॉगस्टाड